वयनीच्या वाटीतली पिठी

"अगो वयनी, बांगडो नको, सुंगटां नको, नि अंडा बरा चलता तुका? अंड्यात काय कोंबडो जप करीत बसलेलो असता?"

असा मी ओरडत होतो. मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या खाणावळीत, सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत. माझा आवाज म्हणजे — मी मालवणच्या धक्क्यावर शिंकलो तर सिंधुदुर्ग किल्ल्यावरचे कावळे उडतात. गिऱ्हाइकं हसली. पुण्याच्या एका आजोबांना सोलकढीचा ठसका लागला. वयनी मागच्या पडवीत विळीवर माझीच सुरमई कापत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"माझी जीभ, माझा पोट. तुझा काय जाता रे, बाबल्या?"

माझं काय जात होतं? हा प्रश्न तेव्हाच स्वतःला विचारला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे. तिच्यावर हशे घेतले आहेत. पण दर वेळी दुसऱ्याच्या नावावर, तिखटमीठ लावून, शेपूट कापून. जशी घडली तशी — माझ्या नावानं — आजवर कुणालाच नाही. बायकोलाही नाही. तेव्हा जरा जवळ सरका. आज आवाज बारीक ठेवणार आहे. जमेलच असं नाही, पण बघतो.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी अर्ध्या चड्डीत असताना ती लग्न होऊन आली, म्हणून मिशी पिकली तरी मी तिचा 'बाबल्या'च. कोकण रेल्वे धावायला लागली त्याच्या पुढल्या साली दादाची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बाकीचे पोहत काठाला लागले. दादा नाही लागला. देवबागेपासून पार खाली वेंगुर्ल्यापर्यंत माणसं किनारा धुंडाळत फिरली. शेवटी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. सुतक फिटलं त्या दिवशी आमच्या घरात माशाचं तिखलं शिजलं. आम्ही सगळे जेवलो. मी दोनदा भात घेतला. वयनी ताटावरून उठली, आणि त्यानंतर समुद्रातलं काही तिनं तोंडात घातलं नाही.

आणि तिचा धंदा कसला? मासळी विकण्याचा. सकाळी लिलावात पाटी घ्यायची, बाजारात बसायचं, पापलेटाचे कल्ले उघडून गिऱ्हाइकाला दाखवायचे, भांडायचं, विकायचं. माझ्या खाणावळीला रोजची मासळी तीच आणून द्यायची. कापून द्यायची, मीठ-हळद लावून द्यायची. जेवायला मात्र कोपऱ्यात बसून कुळथाची पिठी आणि भात. अंडं चालायचं. वडे असले तर कोंबडीचा रस्सासुद्धा चालायचा. डास तर ती असे मारायची की शेजारच्या घरातले डास ऐकून पळावेत. पण मासा नाही. आणि कुर्ली, म्हणजे खेकडी? कुर्ली ती विकतही नव्हती. कुणी जिवंत कुर्ल्यांची टोपली शेजारी आणून ठेवली तर आपली पाटी उचलून पलीकडे बसायची.

आता सांगा, याला काय म्हणायचं? शाकाहारी?

खाणावळ चालवताना मी या शाकाहारी लोकांचे इतके प्रकार बघितले, की एखादा मोजायला बसला असता तर त्याचे केस पिकले असते. आमच्याकडे दोन बागांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा असतो ना — तसा प्रत्येकाच्या मनात एक गडगा. पण प्रत्येकाचा वेगळ्या जागी. एकाला कांदा चालायचा, लसूण नाही. एक पोरगी केकमधलं अंडं खायची, ताटातलं बघून ओकारी काढायची. एक बाई माझ्याकडून दोनदा वदवून घ्यायची, की तवा वेगळा आहे, डाव वेगळा आहे. मी छातीवर हात ठेवून सांगायचो, वेगळा आहे. (नव्हता.) आणि एक साहेब सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना तडफडती मासळी बघून खरंच रडले, रुमाल ओला केला, आणि दुपारी माझ्याकडे सुरमईची थाळी खाऊन गेले. मी विचारलं, तर म्हणाले, ही आधीच मेलेली होती.

मला या सगळ्यांची मजा वाटायची. रागही नाही यायचा. राग यायचा तो फक्त वयनीचा. का? पाहुण्यांचा गडगा पाहुण्यांबरोबर परत जात होता. वयनीचा माझ्या घरात होता. सगळी खाणावळ माझ्या तिखल्याला माना डोलावते आहे, बोटं चाटते आहे, आणि माझ्याच घरची बाई कोपऱ्यात पिठी ओरपते आहे — ते मला सलायचं. तिनं काही म्हटलं नव्हतं कधी. तेच सलायचं. मी तिला विचारलं का कधी, की वयनी, तू का सोडलंस? नाही विचारलं. थट्टा केली. थट्टेत प्रश्न असतो, पण उत्तराला जागा नसते.

मग पावसाळा आला. होड्या वर ओढल्या, बाजार थंड पडला, आणि वयनी नेहमीसारखी माझ्या स्वयंपाकघरात हाताखाली आली. एका दुपारी एसटीचे दोन ड्रायव्हर जेवायला बसले होते. त्यांच्यापुढे माझी जीभ सुटली. म्हटलं, माझ्या हाताला अशी चव आहे, की मी भटजीला शिंपल्या खायला घालीन आणि तो वर दक्षिणा देईल. ते म्हणाले, भटजीचं सोड, तुझ्या वयनीला घालून दाखव.

झालं. एवढंच. कुणी सुरी लावली नव्हती मानेला.

दुसऱ्या दिवशी खाडीतल्या कुर्ल्या आणल्या. वयनी विहिरीवर होती. बारीक पाय पाट्यावर वाटले, फडक्यातून रस गाळला — आमच्याकडे कुर्ल्यांच्या सारात घालतात तसाच — आणि कुळथाच्या पिठीत सोडला. वरून लसणीची फोडणी चांगली करपू दिली, कोकमाची दोन सोलं जास्त टाकली. वासाला वास मारला. त्यात मी वस्ताद. चोथा घरामागच्या परड्यात पुरला. पुरताना हसत होतो, हे लिहायलाच हवं.

वयनी जेवायला बसली. पहिला भुरका मारला. थांबली. ड्रायव्हर तोंडावर हात दाबून बसलेले. मी उगाच कपबशी पुसत उभा. आणि वयनीनं वाटी पुढे केली.

"आज काय घातलंस रे, बाबल्या? बऱ्याच दिसांनी जेवणाक चव लागली. वाढ आजून थोडी."

मी वाढली. ड्रायव्हर बाहेर पळाले आणि पडवीत लोळून हसले. मी आतल्या आत नाचत होतो. आता ती आचवून आली की सगळ्यांसमोर ओरडायचं, असं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं — वयनी, गडगो कोसाळलो तुझो!

ती आचवून आली. ताट घासायला बसली. आणि मी न विचारता, आपणहून, पहिल्यांदाच बोलली. पोट भरलेलं माणूस बोलतं तशी. ताटाशीच बोलत होती म्हणा.

"तुका वाटता मी सोंगां करतंय. माका मासो आवडणा नाय असा नाय रे. सपनात येता माझ्या. पण तोंडाकडे नेलंय की वाटता — ह्याणी तर खाल्ल्यान नसात? तुझ्या भावाक? खंय गेलो तो? मातयेत नाय, आगीत नाय. मगे ह्यांच्याच पोटात ना? नि कुर्ली तर तळाक सरपटता. मेलेलां काय सोडणा नाय ती. म्हणान हात लावणंय नाय."

मग राखेचा हात ताटावरून फिरवत म्हणाली, "कोंबडी जमनीवरची. तिणा काय केल्यान नाय."

मी काय केलं? तुम्ही काय केलं असतं, हे विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. मी म्हटलं, होय गो, खरा आसा. आणि गल्ल्यावर जाऊन बसलो.

तो माझा भाऊ होता. सख्खा. तिला जे प्रत्येक घासाला आठवत होतं, ते मला एकदाही आठवलं नव्हतं. सुतक फिटल्याच्या दिवशी दोनदा भात घेताना नाही, आणि त्याच खाडीच्या कुर्ल्या वाटताना तर नाहीच.

इथं गोष्ट संपली असती तर मी तिला एक वाईट थट्टा म्हणून पोटात घातली असती. पण खरी गोष्ट पुढे आहे. तिच्याकडे यायला मी इतका वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी मी साधी पिठी केली. चांगली, निर्मळ, तिची नेहमीची. तिनं दोन भुरके मारले आणि वाटी बाजूला ठेवली. "कालच्यासारखी नाय जमली," म्हणाली. भात ताकाशी कालवून खाल्ला. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी तिनं मला जवळ बसवून विचारलं, कुळीथ कुठनं आणलेस, भाजलेस किती, फोडणीत काय. लहान मूल खाऊचं विचारतं तसं विचारलं. दादा गेल्यापासून तिनं एखादी गोष्ट मागितल्याचं मला आठवत नव्हतं. आता मी काय सांगणार होतो? खरं सांगायचं तर ते तेव्हाच, त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, थांब, उद्या करतो तशीच.

आणि केली. समजतंय ना? पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा माहीत होतं. सगळं माहीत असताना मी पाट्यावर बसलो, पाय वाटले, रस गाळला, चोथा पुरला. आणि मग तो सगळा पावसाळा, नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात जाईपर्यंत, कुर्ल्या मिळतील तेव्हा करत राहिलो. या वेळी हसत नव्हतो. पण न हसण्यानं काय होतं? रस तोच. ती जेवायची, अंगावर थोडं मांस चढलं, बाजारातल्या बायका म्हणायला लागल्या, वयनी सुधारली हो. मी स्वतःला सांगायचो, बघ, तिचं भलंच होतंय. चांगली सबब होती. अगदी माझ्या हातची, चवदार.

पुढच्या पावसात मी नवा आचारी ठेवला, पिठी त्याच्याकडे दिली, आणि म्हटलं, सुटलो.

पण माझ्यासारख्या माणसाच्या पोटात चांगली गोष्ट राहते का? सड्यावर मी वाघाला शेपटीनं गरगर फिरवलेला आहे. माझ्या गोष्टीतल्या कुर्लीच्या नांगीत एसटीचं चाक अडकलेलं आहे. मग ही कशी राहील? बाजारासाठी वैभववाडीला गेलो की तिथं सांगायचो. गोव्याच्या वाटेवरचं गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायचो. बाईला बांदा गावची केली, विधवेऐवजी सोवळं पाळणारी म्हातारी केली, मेलेला नवरा गाळून टाकला. तो ठेवला तर कोण हसणार?

ती सांगताना मला बरं वाटायचं. हेही लिहितो. लोक हसले की वाटायचं, म्हणजे इतकं काही वाईट नव्हतं.

शेवटची काही वर्षं वयनी कुणाच्याच घरी जेवत नव्हती. गणपतीत आरतीला यायची, प्रसाद पदराला बांधून न्यायची आणि परड्यात कावळ्याला घालायची. पुतणीच्या लग्नात पाणीसुद्धा आपल्या घरनं तांब्यातून घेऊन आली. वाडीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारी माजली, सगळ्यांचा विटाळ मानते. माझ्यासमोर म्हणायच्या. मीही मान हलवायचो. एकदा म्हणालोही — वय झालं की माणूस विचित्र होतं. ती गेली तेव्हा तिच्या चुलीवर एकच टोप होता, एका माणसाच्या पेजेचा. लोक त्यावरही बोलले.

ती का जेवत नव्हती, हे वाडीत मला एकट्याला ठाऊक होतं.

ती शेवटची वर्षं सुरू व्हायच्या आधीची, डिसेंबरातली एक सकाळ होती. मुंबईची मंडळी न्याहारीला बसली होती, त्यांच्यात कुणीतरी शाकाहारी, आणि मी बांद्याची बाई बाहेर काढली. रंगात होतो. पाटा, फडकं, करपलेली लसूण, जास्तीची दोन सोलं — सगळं हातवारे करून. बाई वाटी पुढे करते, तिथं तर मी वयनीचाच आवाज काढला. अगदी हुबेहूब. "बऱ्याच दिसांनी जेवणाक चव लागली." मंडळी टेबलं बडवून हसली. हसता हसता मी मागे वळलो, तर मागच्या दारात वयनी उभी. डोक्यावर माझ्या बांगड्यांची पाटी.

तिनं पाटी उतरवली. बांगडे टोपात ओतले. एक खाली पडला, तो उचलला, धुतला, टोपात टाकला. पाटीत माडाचं झावळ सारखं करून घेतलं. घाई नाही, काही नाही. मग परड्यातनं गडग्याकडे चालायला लागली.

मी मागे धावलो. धावताना काय सांगायचं ते मला स्पष्ट दिसत होतं. पाय धरायचे होते. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, आणि तोंडातून आलं ते हे —

"वयनी, ती बांद्याची बाय होती गो. खराच. बांद्याची."

तिनं पाटी डोक्यावर घेतली, चुंबळ नीट बसवली.

"आसात," म्हणाली. "उद्यापासून मासळी दुसऱ्या कोणाकडसून घे."