भूकंप न्हाई, होल मारून राहिलो!

माझं पहिलं स्वतंत्र काम लातूरला होतं. नांदेडहून निघाले तेव्हा एसटीत ड्रिल मशीन मांडीवर घेऊन बसले होते, पिशवीत ठेवायला जीव होईना. एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात चार फोन आणि तीन कॉम्प्युटर जोडायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवेश सुरू होणार होते. तोवर फोन वाजले नाहीत तर पुढचं काम दुसऱ्याला, असं क्लासच्या सरांनी बजावलं होतं. एवढे गडी सोडून बाई कशी आली, हेही वर विचारलं होतं.

सोबत आमच्या गल्लीतले चाचा होते, रेडिओ दुरुस्त करता करता टेलिफोनच्या तारांत शिरलेले. ऑफिस खाली, त्याच्या वर घरमालकीणबाई आणि त्यांच्याही वर भाड्यानं राहणारी बारावीची पोरं. मालकीणबाईंनी आल्याआल्या चहा दिला, म्हणून मी लगेच त्यांना काकू म्हणू लागले.

पहिल्या भिंतीला मशीन लावलं. भिंत घरघरली आणि अख्खी बिल्डिंग जिन्यानं धडाधड खाली उतरली! एकाच्या अर्ध्या गालावर साबण, एकाच्या हातात खिचडीचं पातेलं, एकानं फिजिक्सचं गाईड छातीशी धरलेलं. मला हसू आवरेना. मग रस्त्यापलीकडे अनवाणी उभ्या काकू दिसल्या. त्यांची नजर भिंतीवरून हटत नव्हती. भूकंपात त्यांचं सगळं माहेर गेलं होतं, हे सरांनी मला तेव्हा हळूच सांगितलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"उचल ते मशीन," काकू म्हणाल्या. "माझी भिंत हालायची न्हाई."

संपलं सगळं. चाचा डोकं खाजवत म्हणाले, "बेटा, बोलके करना था ना."

खरंच की! आम्ही कुणाला काही सांगितलंच नव्हतं. मी काकूंकडे गेले. "काकू, दर होलाआधी ओरडून सांगते. तुम्ही हो म्हणाल तरच बटन दाबीन."

त्या रस्ता ओलांडून भिंतीपाशी आल्या. मग म्हणाल्या, "एक मार. बघते."

मी घसा ताणून ओरडले, "भूकंप न्हाई, होल मारून राहिलो!" पोरांनी ते जिन्यातून पार गच्चीपर्यंत पोचवलं. काकू तळहात भिंतीला टेकवून उभ्या होत्या. मशीन थांबलं की भिंत थांबते का, हे त्या तपासत होत्या. थांबली. तिसऱ्या होलाला समोरचा पानवालाही ओरडू लागला, चौथ्याला चाचांनी शिट्टी मारली, पाचव्याला काकूच म्हणाल्या, "मार!" मी येड्यासारखी हसत होते.

सहाव्याला त्यांनी हात पुढं केला. "दे इकडं."

मशीन कसं धरायचं ते मी दाखवलं. त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि बटन दाबलं. केसांवर विटांचा भुगा पडला तसे त्यांनी डोळे उघडले. "हालली की गं! मी हालवली!"

मग आम्ही वायरी ओढल्या, पट्ट्या ठोकल्या. दिवेलागणीला चौथा फोनही वाजला आणि सर म्हणाले, पुढचं कामही तुम्हीच करा. मी चाचांचे दोन्ही हात धरून ऑफिसभर गिरक्या घेतल्या. चाचा "बस बेटा, बस!" म्हणत होते.

मशीन आवरायला गेले, तर ते काकूंच्याच हातात होतं.

"अजून कुठं मारायचं हाय का?"

कुठंच मारायचं नव्हतं. मी जिन्याखालच्या कोऱ्या भिंतीवर पेन्सिलनं एक फुली मारून दिली.