हळू बोला, असं मी सांगितलं होतं

“मॅडम, जुई बाबांना दाराबाहेर पडू देईना. शर्ट धरून बसलीय.”

हेमाताईंचा फोन आला तेव्हा मी परळच्या सेंटरवर होते. मागून त्यांच्या नवऱ्याचा, प्रकाशचा, आवाज आला. “सांग त्यांना, परत बोट चुकली तर तांडेल दुसरा माणूस घेणार हाय.” तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख.

जुई आठ वर्षांची, ऑटिस्टिक. घर वरळी कोळीवाड्यात. आई मासळी विकते, वडील बोटीवर. शाळेत गोंगाट वाढला की ती कान झाकून मनगट चावायची. अशा मुलांशी घरी कसं वागावं, हे पालकांना शिकवणं माझं काम. मी माझी नेहमीची शीट दिली होती. पहिली सूचना: मुलाशी हळू आवाजात बोला. कोळीवाड्यात शेजारी उभ्या दोघी बोलल्या तरी गल्लीभर ऐकू जातं. त्यामुळे इथे ही सूचना मला अगदी चपखल वाटली होती. हेमाताईंनी ती मनापासून पाळली. शाळेत फरक नाही, पण घरी जुई बिघडत गेली.

फोनवर सुटणारं नव्हतं. दुपारी घरी गेले. प्रकाशची बोट तोवर निघून गेली होती.

“आठवडाभर बायको कुजबुजतेय,” प्रकाशनं दारातच ऐकवलं. “शेजारीण विचारते, भांडलात काय?”

“हेमाताई, मला एकदा बोलून दाखवा. मी सांगितलं तसं.”

त्या जुईसमोर बसल्या, तिच्या उंचीला आल्या. अगदी हळू म्हणाल्या, “जुई, बाबा आता बोटीवर जाणार.”

जुईनं मनगट तोंडात घातलं. मग डोळे मिटून, त्याच दबक्या सुरात म्हणाली, “बोट आली नाय. पोरीला सांगू नका. बोट आली नाय.”

प्रकाशच्या हातातला चहा तसाच राहिला.

ऐकलेलं वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. लोकांना ती नुसती बडबड वाटते. बहुतेकदा ती तशी नसते.

“हे कोण म्हणालं होतं?”

हेमाताईंनी सांगितलं. मागे एकदा वादळात प्रकाशची बोट अडकली होती. बायका याच खोलीत जमल्या होत्या. जुई झोपलीय असं समजून बोलत होत्या. “मीच म्हणाले होते, मॅडम. एरवी आमच्यात हळू कोण बोलतंय?”

जुईसाठी हळू आवाज म्हणजे तीच बातमी. आठवडाभर आम्ही या पोरीला रोज सांगत होतो की तुझे बाबा परत आलेले नाहीत. आणि ती समोर उभ्या असलेल्या बाबांचा शर्ट धरून ठेवत होती.

“हेमाताई, बाजारात मारता तशी हाक मारा तिला.”

“आता?”

“आत्ता. जेवायला बोलवा.”

“जुये! जेवाला ये गो!”

मी दचकले. जुईनं मनगट सोडलं आणि ताटाच्या जागेवर येऊन बसली. प्रकाश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

एका हाकेनं प्रश्न मिटत नाही. आम्ही नवं ठरवलं. आवाज आईचा नेहमीचाच, वाक्यं मात्र छोटी. दारावर दोन चित्रं, समुद्र आणि घर. बाबा निघाले की जुईनं कागदाची बोट समुद्रावर चिकटवायची, आले की घरावर. उशीर होणार असेल तर तिला सांगायचं, नेहमीच्या आवाजात. लपवायचं नाही.

प्रकाश तांडेलला जाऊन भेटला. “पोरीचं आवर, मग ये,” तांडेल म्हणाला. “पण या खेपेपुरतंच हां.”

पुढच्या खेपेला जुईनं शर्ट धरला, मग सोडला आणि बोट समुद्रावर लावली. बाबा आल्यावर बोट घरावर लावेपर्यंत ती दारासमोरून हलली नाही. मनगट मात्र चावलं नाही.

शीटवरची पहिली सूचना मी काढून टाकली. तिथे आता एक प्रश्न आहे: तुमच्या घरी हळू आवाजात कधी बोलतात? दादरच्या फ्लॅटमधले असोत की लालबागच्या चाळीतले, पालक आधी हसतात. मग एकमेकांकडे बघतात.