काकासाहेबाची चकचकीत सायकल

काकासाहेब माझ्या पाठचा भाऊ. सांगायला लाज वाटते, पण सांगते. बिडकीनला आमच्या दावणीला बैल होते तेव्हा ह्या बाबानं पोळ्यालासुद्धा कधी बैल धुतले नाय. आता शहरात, उस्मानपुऱ्यात घर बांधलंय तर पोरीची सायकल रोज धुतो. तीही बादलीनं नाय, गाड्या धुवायचं मशीन आणलंय. अंगाला लागली तर कातडं सोलून निघंल अशी धार. गल्लीतल्या बाया नळाची वाट बघत ड्रम मांडून बसलेल्या, आणि हा बर्मुडा घालून पाणी उडवतोय. कशासाठी? तर चारचौघांनी विचारावं, केवढ्याला पडली हो?

सायकल त्याच्या लेकीची, अपेक्षाची. शर्यतीची. राज्याच्या संघात जायचं, एवढंच त्या पोरीच्या डोक्यात. दोन्ही पायडल मधे जिथं जोडलेली असतात, तिथलं बेअरिंग ह्याच्या त्या धारेनं सारखं जायचं. दुसऱ्यांचं वर्षानुवर्षं टिकतं, हिचं नवं टाकलं की थोड्याच दिवसांत करकरायला लागायचं. दुकानवाल्या तन्वीरनं हात जोडून सांगितलं, "चाचा, पाइप मत मारो. पानी अंदर जाता, ग्रीस बाहर आता. कपड़े से पोंछो, बस." ह्यानं काय करावं? तन्वीर डुप्लिकेट माल टाकतो म्हणून गल्लीभर बोंबलत फिरला. मग म्हणाला, पोरगीच आडदांडासारखी पायडल मारते. हा मात्र धुतल्या तांदळासारखा.

निवडीच्या शर्यतीआधी तन्वीरनं पुन्हा नवं बेअरिंग टाकून दिलं. अपेक्षाला कॉलेजच्या शिबिराला जायचं होतं. जाताना बापाच्या पाया पडली अन् म्हणाली, बाबा, मी येईपर्यंत सायकलीला हात लावू नका. ह्यानं व्हय व्हय केलं, आणि तिची पाठ वळताच मशीन बाहेर काढलं. रोज. मी आडवी गेले तर म्हणाला, आक्का, तुला काय कळतंय त्यातलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पोरगी आली. सायकल लई चमकत होती. तिनं हातानं पायडल फिरवलं, कान लावला, तर आत पुन्हा तीच करकर. तन्वीर लग्नाला जालन्याला गेलेला, दुकानाला कुलूप. मला रडू आवरंना. ती नाय रडली.

दुसऱ्या दिवशी पैठण रोडवर निम्म्या वाटेत पायडल डुगडुगायला लागलं, मग अडकलंच. बाकीच्या पोरी पुढं निघून गेल्या. आणि हा शहाणा क्रांती चौकात बॅनरखाली हार घेऊन उभा. बॅनरवर पोरगी अंगठ्याएवढी आणि हा पुरुषभर.

अपेक्षा सायकल ढकलत घरी आली. मागून हा आला. लेकीच्या तोंडाकडं बघितलं नाय, चाकाला लागलेली धूळ बघितली अन् म्हणाला, किती घाण केलीस गं.

पोरीनं सायकल भिंतीला टेकवली. मशीनचा पाइप उचलून त्याच्या हातात दिला.

"घ्या बाबा. आता ही तुमचीच. धुवा."

आणि त्या बेशरमानं मशीन चालू केलं.