पिवळा बेदाणा

आमच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्र, समाजकार्य आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून बेदाण्यावर काम काढलं, आणि शेतकऱ्यांना कळेल असं मराठी हवं म्हणून मराठीच्या बाईला, म्हणजे मला, त्यात ओढलं. निवृत्ती जवळ आली होती. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. बैठका म्हणजे बारभाई कारभार. रसायनशास्त्र बोलायला लागलं की अर्थशास्त्र मोबाईल काढायचं, आणि माझी पाळी येईपर्यंत चहा यायचा.

काम मात्र खरं होतं. बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. पलूसकडच्या एका बेदाण्याच्या शेडवर निवडणीला बसणारी एक बाई त्या धुरानं सतत खोकायची. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं, पण तिचं घर त्याच मजुरीवर चालायचं. धुरीशिवायही बेदाणा चांगला होतो, हे आमच्या लोकांनी करून दाखवलं. फक्त रंग तपकिरी येतो, आणि बाजार पिवळाच मागतो. तिथंच घोडं अडलं. साताऱ्याहून एसटीनं खेपा घालून मी अगदी मेटाकुटीला आले, तेव्हा कुठं शेडमालक म्हणाले, "तुमी एवढं म्हणताय तर यंदा बिनधुरीचा करून बघू." त्या बाईनं ते ऐकलं आणि मला आग्रहानं जेवायला बसवलं.

ज्ञान हस्तांतरणाचा कार्यक्रम विद्यापीठाच्या सभागृहात झाला. मालक कडक इस्त्रीत आले, ती निवडणीवाली बाई ठेवणीतली साडी नेसून आली. भाषणं लांबत गेली. प्रत्येक विभागानं दुसऱ्या विभागाचे आभार मानले. तपकिरी बेदाण्याची ताटली फिरली, सगळ्यांनी खाल्ला, छान आहे म्हणाले. मला वाटलं, सुटले एकदाची.

मग दोघांचा सत्कार. आमच्याकडे हल्ली पुष्पगुच्छाऐवजी शाल-श्रीफळाबरोबर बेदाण्याचा पुडा देतात. मालकांनी आपला पुडा उघडून पाहिला. आत पिवळाधमक बेदाणा. ज्यानं आणला त्यानं पाहुण्यांना द्यायचा म्हणून बाजारातला सगळ्यात देखणा बघून आणला असणार. त्याला तरी काय बोलायचं?

मालक माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. "आवं बाई, पाव्हण्याला द्यायला तुमालाबी ह्योच लागतोय. मग मी तपकिरी कुणाला इकू?"

लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेपेक्षा थकवाच जास्त होता. कुठंतरी खुर्ची ओढून बसावं असं वाटत होतं.

ती शेजारीच उभी होती. "म्हंजी यंदाबी धुरी हाय म्हणायची," ती मालकांना म्हणाली.

"व्हय," ते म्हणाले आणि दाराशी काढलेल्या चपला घालायला गेले.

तिनं आपला पुडा माझ्या हातात दिला. "ह्यो तुमीच खावा, बाई. मला उद्यापास्नं ह्योच निवडायचाय."

मी तो घेतला.