टिलीसाठी उसना नर

नॉर्मन आर्कलेस स्वस्थ बसलेला मी फक्त त्याच्या लग्नाच्या फोटोत पाहिला आहे, आणि तिथंही त्याचा एक हात हललेला आहे. खाण बंद झाल्यावर गावातले बाकीचे पुरुष बसायला शिकले. नॉर्मनला ते जमलं नाही. दोन्ही गुडघे गेले, तरी मागचं दार आणि अंगणातली फेरेटांची खोपटी यांच्यामध्ये त्याच्या दिवसभर येरझाऱ्या चालायच्या. आमच्या दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढीच असल्यामुळे त्या माझ्याही वाट्याला आल्या.

खोपटीत मेजर नावाचा नर आणि टिली नावाची मादी. मुंगसाच्या अंगाचे हे प्राणी, ससे हुसकायला बिळात सोडायचे. पूर्वी वसंतात जोडी लावायची, पिल्लं व्हायची आणि खाणीच्या फाटकावरच हातोहात जायची. आता पिल्लं घेणारं कुणी राहिलं नाही, म्हणून नॉर्मन दर वसंतात दोघांमध्ये जाळी घालायचा. मेजर ती चावून स्वतःचे दात तोडून घ्यायचा आणि पलीकडे टिली माजावर यायची. फेरेटाची मादी एकदा माजावर आली की नर मिळेपर्यंत सहसा उतरत नाही. तशीच राहिली तर अंगातलं रक्त आटून मरते. आमच्याकडे हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं.

त्यावर गावाचा तोडगा म्हणजे नसबंदी केलेला एक नर. वसंतात तो पेटीत बसून घरोघर जातो, मादी माजावरून उतरते, पिल्लं होत नाहीत. पाद्रीबाबांपेक्षा त्याच्या फेऱ्या जास्त, आणि स्वागतही. आधीचा नर हिवाळ्यात मेला; श्रमानं असावा. मग ड्यूक तेवढा उरला, आणि तो कथबर्ट रेनचा.

खाणीतला मोठा संप मोडायच्या थोडे दिवस आधी कथबर्ट बाकीच्यांना सोडून कामावर गेला होता. त्याला एक तप उलटलं. अजून तो क्लबात आला की लोकांच्या पाठी वळतात. खाणीत तो नॉर्मनचा जोडीदार होता, त्यामुळे नॉर्मनची पाठ सगळ्यांच्या आधी वळते.

तेव्हा नॉर्मननं परस्पर मार्ग काढला. मेजरला उचलून तो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. नसबंदी करायची की खच्ची, असं बाईंनी विचारलं. अर्धवट काम नको, सगळंच काढा, असं म्हणून हा मोकळा झाला. बाई पुढं काही सांगणार, तोवर तो दाराबाहेर पोचला होता.

मेजर पुरता थंड व्हायला डॉक्टरीणबाईंच्या मदतनिसानं फोनवर सांगितलेले आठवडे त्यानं कसेबसे काढले आणि जाळी उचलली. मेजरचा वासही गेला होता आणि रागही. दोघं नॉर्मनच्या जुन्या कोटाच्या बाहीत गळ्यात गळा घालून झोपली. बघायला त्याची बायको एनिड बाहेर आली.

"शीक जरा. एका खोलीत राहतात, पण भांडण नाही."

"त्याच्याकडे भांडायला काही उरलेलंच नाही," नॉर्मन म्हणाला.

हेच दुखणं होतं. मेजरनं टिलीला माया दिली, पण मायेनं माज उतरत नाही. टिलीच्या शेपटीचे केस गेले, हिरड्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, ते लागू पडलं नाही. या अवस्थेत गर्भाशय काढायला पोट उघडलं तर रक्त थांबणार नाही. नसबंदीवाला नर शोधा, लवकर शोधा, असं त्या म्हणाल्या. नॉर्मनच्या येरझाऱ्या आता फाटकापर्यंत जाऊन परत फिरू लागल्या. कोपऱ्यापलीकडे कथबर्टचं घर होतं.

"तू जातोस की मी जाऊ?" एनिडनं एका सकाळी विचारलं.

त्यानं टिलीला पेटीत घातलं. त्याचे गुडघे बघून एनिडनं मला सोबत पाठवलं.

कथबर्टनं दार उघडलं. नॉर्मननं टिलीला बाहेर काढून स्वतःच्या तोंडासमोर धरलं.

"टिले, तुझं काय ते तूच सांग, बाई. मी काही बोलणार नाही."

कथबर्टनं अंगठ्यानं तिचा ओठ वर करून हिरडी पाहिली. आत गेला, ड्यूकला काखेत घेऊन आला.

"ड्यूक, विचार हिला, मालकानं एवढे दिवस काय केलं?"

"सांग त्याला, टिले. मालक गाढव आहे. मेजरचं मुळासकट काढून आणलं आणि मग वाट बघत बसला."

कथबर्टनं मान फिरवली. त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. मग तो ड्यूकला म्हणाला, "या माणसाची घाई जुनी आहे. खाणीत छताला टेकू लावायच्या आत पुढं सरकायचा. मी मागं ओढायचो."

नॉर्मनचा चेहरा लालभडक झाला. तो टिलीला घट्ट धरून म्हणाला, "मग विचार त्याला, टिले. एवढा मागं ओढणारा, तो संपात खाणीच्या फाटकातून आत का गेला?"

मी रस्त्याकडे पाहू लागलो.

"ड्यूक," कथबर्ट म्हणाला, "ते आज राहू दे. आधी पोरीचं बघ."

त्यानं हात पुढं केले. नॉर्मननं टिली त्या हातांत दिली आणि निकाल लागेपर्यंत फुटपाथवर येरझाऱ्या घातल्या. फेरेटांचं हे काम लवकर उरकत नाही, आणि ऐकायलाही बरं नसतं.

टिली माजावरून उतरली. हिरड्यांना रंग आला, शेपटी भरली, आणि पानगळीच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी तिचंही ऑपरेशन केलं. आता ती आणि मेजर बारा महिने त्या बाहीत असतात. जाळीवर नॉर्मननं वाटाण्याचे वेल चढवलेत.

क्लबात त्याची पाठ अजून वळते. पण शनिवारी सकाळी तो टिलीला पेटीत घालतो आणि कोपरा ओलांडून कथबर्टच्या दारी जातो. टिलीचं तिथं आता काही काम नाही. बोलायला मात्र ती लागते.