दुसऱ्या बाजूची शेवटची चार मिनिटं

एखाद्यासाठी घोषणा देता देता तुम्ही कधी त्याचंच काही पुसून टाकलंय? मी टाकलंय. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरात तर नाहीच.

मी पत्रकांवर वाढले. वडील युनियनचे, मी वाचायला शिकले तीच 'कामगार बंधूंनो'पासून. शेजारच्या घरात चुलतभाऊ, दत्तादादा. उरवड्याच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होता. त्याच्याकडे एका गाजलेल्या हेवी मेटल अल्बमची कॅसेट होती — कुणाकडून तरी भरून आणलेली, वर त्याने बॉलपेनने काढलेली कवटी. सुट्टीच्या दिवशी गोठ्यात टेप लावायचा. काकू ओरडायची, "दत्त्या, म्हशीचं दूध आटंल रं!" मी त्याला पोट भरलेल्यांचा गोंगाट म्हणायचे. पण पहिलं गाणं लागलं की माझा पाय हलायचाच — हेही आजच सांगतेय.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी चारेक मिनिटं रिकामी होती. तिथे दादाने स्वतः गिटार वाजवून भरली. मग कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही तुकडे मोडले, म्हणजे तिच्यावर कुणी दुसरं काही भरू नये.

पुढे प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. गिटार खुंटीला लागली ती कायमची.

कंपनीच्या गेटवर सभा ठरली — दादासाठीच. वडिलांचं भाषण टेप करायचं काम माझं. मी अकरावीत होते. कोरी कॅसेट वाटेवरच्या दुकानात मिळत होती. मी थांबले नाही. दादाची कॅसेट घेतली, मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली. ती का लावावी लागते, मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण भाषण मोठं आणि गाणी क्षुल्लक — हेच तर शिकले होते ना?

भाषण लांबलं. पहिली बाजू संपली. तेव्हा थांबता आलं असतं. मी कॅसेट उलटली — याच हाताने — आणि शेवटपर्यंत चालू दिली. दादाच्या बोटांसाठी चाललेल्या भाषणाखाली दादाची बोटं दुसऱ्यांदा गेली.

त्याने कॅसेट मागितली तेव्हा मी म्हणाले, टेपमध्ये गुंडाळून तुटली. तो हसला. "माझं समदं मशीनच खातंय की गं! लई भुकेली हायेत ही मशीनं." मीही हसले. हो — हसले.

आज तो अल्बम मोबाइलवर अख्खा मिळतो. दादा आता कोळवणच्या एका फार्महाऊसवर कामाला आहे; तिथे येणाऱ्या पोरांशी तो त्यातल्या एकेका गाण्यावर तासभर बोलतो. मशीनने कॅसेट खाल्ल्याचा किस्साही रंगवून सांगतो — माझं खोटं, त्याच्या तोंडून. मालकांच्या खोटेपणावर मी ढीगभर पत्रकं लिहिली. हे एक राहिलं होतं. दादा हे वाचेल. वाचू दे.

गिटार भरली त्या काळी, कंपनीत जाता-येता एसटीत भेटणाऱ्या सोबत्यांना त्याने या कॅसेटच्या प्रती काढून दिल्या होत्या, प्रत्येकीवर तशीच कवटी काढून. तुमच्या घरात कुठे बॉलपेनची कवटी असलेली जुनी कॅसेट असेल, तर दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐका. इंग्रजी गाणी संपल्यावर कुणी एकटाच, थोडा अडखळत, गिटार वाजवत असेल — तर ती माझ्याकडे आणू नका. थेट दत्तादादाच्या हातात द्या.