रांजणावर टकटक

दुष्काळात मच्छरांच्या अळ्या शोधणारा तो सरकारी माणूस दारात आला की मी रांजण अडवून उभी राहायची. अळ्या दिसल्या म्हणून त्यानं पाणी ओतून टाकलं तर? तो मात्र परवानगी मागितल्यासारखा रांजणावर टकटक करूनच आत डोकवायचा.

“वहिनी, मच्छराचा विषाणू अंगात शिरला की आधी आतल्या पहारेकऱ्यांचं तोंड दाबतो. आरोळीच उठू देत न्हाय.”

“आमच्या सासूबाईंचं दाबून दाखव म्हणावं त्याला!” मी टेचात बोलले.

पुढच्याच आठवड्यात सासूबाई तापानं आणि सांध्यांच्या कळांनी गप्प झाल्या. मीच धावत जाऊन त्याला रांजण बघायला आणलं. त्यानं स्वतःच्या उपरण्यातून तळाशी उरलेलं सगळं पाणी घागरीत गाळलं, थेंब सांडला नाही.

“घोटभर त्यालाबी दे की, भवाने!” सासूबाई आतून कडाडल्या.

तो आवाज ऐकून मी आनंदानं अशी वळले की भरली घागरच लवंडली. तो ओल्या जमिनीकडं नुसता बघत राहिला.